बाळ निजलं की शाळा

अफूच्या चोरट्या व्यापाराचा विषय निघाला की आमच्याकडची शहाणी माणसं एकच पालुपद लावतात. मिठागरातली माणसं आळशी, त्यांना वाकड्या वाटेचाच पैसा गोड लागतो! असं बोलणाऱ्याला मी माझ्या ओटीवर बसू देत नाही. तरुणपणी मी रेवसच्या बाजूला मिठागरांना लागून असलेल्या एका शाळेत मास्तर होतो. ती अफू कुठून येत होती आणि कशासाठी येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिवाळी सरली की मिठागरं सुरू व्हायची, ती थेट पावसाच्या तोंडापर्यंत. बायका उन्हातान्हात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या आणि त्यांची तान्ही मुलं बांधावर फडक्याच्या सावलीत पडलेली असायची. मूल रडलं आणि आई पाजायला बसली की मुकादम अर्धा रोज कापायचा. म्हणून पहाटे घर सोडतानाच बाळाला अफूची बारीक गोळी चाटवायची, अशी तिथली रीत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पोराला तेल लावलं का विचारावं, तशा सासवा सुनांना "गोली घातली का?" म्हणून विचारायच्या.

गोळी नसली तर थोरल्या बहिणीने बाळाजवळ बसायचं. म्हणजे बाळ गुंगीत असेल तरच मुलगी शाळेत! हे मला कळलं ते सरकारी ठेक्याच्या दुकानात अफू महागली तेव्हा. एकाएकी माझ्या शाळेतल्या मुली दिसेनाशा झाल्या. मी आगरात गेलो, तर त्या बांधावर बाळं मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांतली माझी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मास्तर, गोली संपली. बाल कोन बगल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, बाळाला घेऊन शाळेत ये. सगळ्याच या.

शाळेच्या वाशांना आम्ही जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. झोका द्यायचा आणि त्याच तालावर पाढा म्हणायचा. गोळी संपल्याचं सांगणाऱ्या त्या मुलीची एक गंमत होती. पुस्तकात डोकं घालून तिच्या काही म्हणजे काही ध्यानात राहत नसे. पण तोच धडा दुसऱ्याला समजावून सांगायला बसवलं की तिच्या डोक्यात तो पक्का व्हायचा. मग मी तिला रोज पहिली-दुसरीच्या पोरांपुढे बसवू लागलो. काल शिकलेलं आज दुसऱ्याला सांगायचं, आणि सांगताना पहिल्यापासून, क्रमाने, काही न गाळता सांगायचं, हा माझा नियम. तेराच्या पाढ्याला अडून बसलेले ठोंबेसुद्धा तिने झोळी हलवत पार नेले.

तिचा भाऊ गोळीशिवाय चांगला बाळसेदार झाला आणि गळा काढून रडायलाही शिकला. तिची आई एकदा मिठाची पाटी बाहेर टेकवून शाळेच्या दारात आली आणि नुसती बघत राहिली. जाताना म्हणाली, "मास्तर, हिला मास्तरीन करा." ती चौथीच्या परीक्षेत उतरली की तालुक्याच्या मुलींच्या शाळेत तिची सोय करायची, असं मी कबूल केलं.

मग शाळा तपासायला डिपोटी आले. दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली?" पोरं एकमेकांना शिकवताना पाहून म्हणाले, "शिकवायचं यांनी, मग तुम्ही पगार कशाचा घेता?" झोळ्या उतरल्या नाहीत तर शाळा बंद करू, असा दम देऊन ते नारळपाणी पिऊन गेले. झोळ्या उतरल्या. मी स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या. त्या वेळी मी डिपोटींना ज्या शिव्या घातल्या, त्या पोरांनी पाढ्यापेक्षा लवकर पाठ केल्या.

बाळं पुन्हा बांधावर गेली. ठेक्याची अफू परवडत नव्हती, आणि मुकादम टपूनच बसला होता. मीठ भरायला खाडीत येणाऱ्या मचव्यांतून चोरटी अफू यायची. तिची पुडकी पाटीच्या तळाशी घालून, वर मीठ पसरून जी बाई गावापर्यंत पोचवील तिला बाळापुरती गोळी फुकट! ती मुलगी शाळेत जावी म्हणून तिच्या आईने ते ओझं उचललं. पहिल्याच खेपेला धक्क्यावर अबकारीच्या शिपायांनी तिची पाटी उपडी केली.

आईला सोडवायला मी मुलीला घेऊन अबकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तिला विचारलं, तर ती वर्गात उभी राहावी तशी उभी राहिली आणि तिने पहिल्यापासून, क्रमाने, काही न गाळता सांगितलं. मजुरी कोण कापतो, मचवा कुणाचा, पुडकी कोण देतं, आईने ती का घेतली. कारकुनाने त्यातलं एकच वाक्य उतरवून घेतलं, आईच्या पाटीत पुडकी होती एवढंच. मी उठून म्हटलं, मुकादमाचं लिहा. मला गप्प बसवलं. मुकादम बाहेर पायरीवर पान चघळत उभा होता आणि कचेरीचा शिपाई त्याला चुना देत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी पाहिली.

आईला तुरुंग झाला. नेताना तिने मुलीला जवळ घेऊन एवढंच सांगितलं, "बाय, बालाला गोली घालू नको."

परीक्षेला तेच डिपोटी आले. मुलगी भावाला कडेवर घेऊन आली. मूल आत आणायचं नाही, असा हुकूम होता, म्हणून ती खिडकीबाहेर उन्हात उभी राहिली. डिपोटींनी चौथीला प्रश्न घातला. उत्तर खिडकीतून आलं. दुसरा प्रश्न, तेही खिडकीतून. तिच्या कडेवरचं बाळ टक्क जागं होतं आणि खिडकीचा गज धरून हसत होतं.

"कोण आहे ती?" डिपोटींनी विचारलं.

"माझी चौथीतली विद्यार्थिनी. आत घ्या म्हणजे झालं. सगळं येतं तिला."

"मुलासकट? छे!" त्यांनी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. मी हात जोडले, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. मग टोपी डोक्यावर ठेवता ठेवता ते अगदी घरच्यासारखं म्हणाले, "मास्तर, एका दिवसाचा तर प्रश्न होता. पोराला थोडी अफू चाटवायची होती. आमच्या घरीही देतात."

खिडकीतून तिने ते ऐकलं. "न्हाय," ती म्हणाली. भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आगराच्या वाटेला लागली.