मामांनी बघितलेलं मेक्सिकन दुकान

नाही म्हणण्यासाठीच देवाने एखादा माणूस घडवला असेल, तर तो कडेगाव तालुक्यात राहतो आणि नात्याने माझ्या बायकोचा मामा लागतो. दुकानातली छत्री हे गृहस्थ उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात आणि दुकानदाराच्या हातात परत देतात. बाजारातला कलिंगडवाला त्यांना लांबून बघितलं की गाडा बोळात वळवतो. एकदा म्हैस बघायला गेले, मला गाडी घेऊन यायला लावून. सकाळची धार निघेपर्यंत गोठ्यात उकिडवे बसून राहिले, दात पाहिले, सड पाहिले, शेपटीचा गोंडासुद्धा पाहिला, मालकाचा चहा घेतला आणि उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हस चांगली हाय, पर मालक गडबडीत हाय. इकणारा गडबडीत असला की आपण बसून ऱ्हायाचं." मलाही त्यांनी असंच पाहिलं होतं. लग्न ठरायच्या आधी साताऱ्याला आमच्या घरी आले, पोह्यांना हात लावण्याआधी दारातल्या माझ्या चपला उलट्या करून बघितल्या आणि घरी जाऊन निकाल दिला, "टाचा एकाच अंगानं झिजल्यात. पोरगा भटक्या हाय. न्हाई म्हणून कळवा."

तरीही माझं लग्न झालं, कारण तेव्हा मामी होत्या. त्या घराचा कारभारच तसा चालायचा. मामा नाही म्हणायचे, मग मामी स्वयंपाकघराच्या दारात यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि म्हणायच्या, "आवं, घ्या की. बघू काय हुतंय ते." मामा तोंड वाकडं करून तंबाखू मळत बसायचे, आणि तो होकारच असायचा. फ्रीज, विहिरीवरची मोटार, मुलाचं इंजिनिअरिंग आणि मी, असे सगळे त्या घरात ह्याच वाटेने आलो. मामांचं नाही मुळात अर्धंच असायचं, उरलेलं बोलायला मामी लागायच्या. दोन माणसांनी मिळून केलेलं ते एक काम होतं. मामी गेल्या तेव्हा सगळे रडले, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मामांच्याही आलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा अभिजित पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. ती नोकरी गेली आणि हा गडी एक मेक्सिकन हॉटेलची फ्रँचायझी घ्यायचं डोक्यात घेऊन गावी आला. पाटी कंपनीची, माल कंपनीचा, चालवायचं आपण. जागा कराडला हायवेजवळ बघितलेली, राहायचं गावी, आणि भांडवलाला मामांची शिल्लक व रस्त्याकडेचा उसाचा तुकडा. मामा "बघू" म्हणाले. अभिजितने मला बाजूला घेतलं. "दाजी, नोकरी कॅनडातबी मिळतीय. पर मला घरी यायचंय. आबा एकटं भाकरी थापत्यात, ते बघवत न्हाई. तेवढं त्यांच्या तोंडावर कसं सांगू?" म्हणून पोराने वडिलांसमोर धंदा मांडला. त्या घरात मनातलं बोलायची हीच रीत होती.

मग मामांची पाहणी सुरू झाली. पुण्यातलं त्या कंपनीचं दुकान बघायला आम्ही तिघे गेलो. शनिवारची संध्याकाळ, दारापर्यंत पोरापोरींची रांग. अभिजितचा चेहरा उजळला. मामा म्हणाले, "ही वरातीची गर्दी. श्रावणातल्या सोमवारी येऊ." आणि खरंच मला श्रावणातल्या सोमवारी रजा टाकायला लावली. त्या दिवशी दारात रांग नव्हती. काउंटरवरच्या मुलीने भात कुठला, राजमा काळा की तांबूस, सॉस किती तिखट, मका भाजलेला की उकडलेला असं एकामागून एक विचारलं, तर म्हणाले, "पोरी, एवढी इचारपूस तर दवाखान्यात बी हुत न्हाई." पोळीत गुंडाळलेला तो राजमाभात त्यांनी गंभीरपणे चावला आणि एवढंच बोलले, "अख्खा मसूर रोटीत बांधून दिल्यावानी हाय. पर मसुराला चव असती."

एवढ्यावर भागलं असतं तर ते मामा कसले! फौजेत ते सुभेदार होते आणि बरीच वर्षं जवानांचा लंगर, म्हणजे भटारखाना, त्यांच्या ताब्यात होता. जेवण कसं झालंय हे ताटावरून कळत नाही, टाकलेल्यावरून कळतं, हा त्यांचा तिथला शिरस्ता. ते सरळ दुकानाच्या मागे गेले आणि कचऱ्याच्या डब्यात डोकावले. शिकलेली माणसं ये-जा करत होती, आणि माझे मामेसासरे काठीने उष्टं चाळत अर्धवट टाकलेल्या पोळ्या मोजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग स्थळाची चौकशी करावी तशी शेजारच्या मोबाइलवाल्याकडे चौकशी केली, वॉचमनकडे केली. घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर कंपनीचा साहेब आला, त्याला पहिलाच प्रश्न, "तुमचं मूळ गाव कोणचं?"

"सर, आमचं हेड ऑफिस बंगळूरला आहे."

"आन मेक्सिकोत कोण असतंय आपलं?"

"तिथं कुणी नाही, सर. पण ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे, लवकर ठरवा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हशीच्या गोठ्यातून बाहेर आल्यावर बघितलं होतं, अगदी तसं.

निकाल अंगणात लागला. मामांचा एकही मुद्दा खोडता येत नव्हता, हीच त्या माणसाची खोड. "टोमॅटो बंगळूरवरनं येणार, हितं आपल्या बांधाला लाल हून पडलाय. कंपनीचा वाटा इक्रीवर, नफा हू दे न्हाईतर न्हाई. म्हंजे ऊस वाळला तरी वाटंकऱ्यानं गाडी भरून न्यायची. आन सोमवार, गुरुवार, शनिवार आपल्याकडं निम्मी गिऱ्हाइकं कोंबडी शिवत न्हाईत. मसूर सोडून माणूस हे खाईल, ते बी नवं हाय तवर. न्हाई. ह्यात पडायचं न्हाई."

अभिजित खाली मान घालून ऐकत होता. बोलून झाल्यावर मामांनी तंबाखूची डबी काढली, मळायला सुरुवात केली आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "मामा, आणखी जरा विचार करू या," पण जावयाच्या बोलण्याला त्या घरात कधीच वजन नव्हतं. अभिजित "बरं, आबा," म्हणाला आणि आत गेला. मामा कितीतरी वेळ तंबाखू मळत राहिले. थंडी पडायच्या आत तो कॅनडाला गेला.

ती जागा आणि तीच फ्रँचायझी कराडच्याच एका कापडवाल्याने घेतली. उद्घाटनाला फुगे, ढोल, तोबा गर्दी. पुढे काय झालं ते मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुकान बंद पडल्याचं मी त्यांना फोनवर कळवलं, तर म्हणाले, "गाडी घिऊन या. बघायचंय." मला वाटलं, म्हातारा आपली पारख मिरवायला निघाला.

शटर खाली होतं. पाटीवर टोपी घातलेला एक मिशाळ मेक्सिकन हसत होता, त्याचा एक गाल उन्हाने पांढरा पडला होता. मामांनी कुलूप हातात घेऊन बघितलं, शटरवरची 'जागा भाड्याने देणे' ही जाहिरात वाचली. "बरोबर आलं तुमचं," मी म्हणालो. अभिजितला फोन करून सांगू का, असंही विचारलं.

"नगं," ते म्हणाले. मग कुलूप हातातून सोडत, "वरीसभर चाललं न्हवं हे?"

"साधारण वर्षभर चाललं."

"म्हंजे वरीसभर पोरगं घरी जेवलं असतं."

"ही असती तर म्हनली असती, आवं, घ्या की," ते शटरकडे बघतच म्हणाले. "मला न्हाई म्हणायचं ठावं हुतं, जावई. फुडचं तीच बगायची."

परतताना हायवेवर अख्खा मसूर खायला थांबलो. मसूर इतका खारट होता की मला दुसरा घास जाईना. मामांनी मात्र मान खाली घालून सगळी रोटी संपवली. वेटरने कसं झालंय विचारलं, तर म्हणाले, "चांगलं हाय."