एकवीस आणि बावीस

अंड्याच्या आकाराच्या चेंडूने बारा-बारा गडी खेळतात तो फुटबॉल डोरीन होलोवाचला मुळात आवडायचाच नाही. वेडा होता तो तिचा नवरा. अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात तो अचानक गेला, तेव्हा गावच्या रायडर्स संघाचं अख्ख्या मोसमाचं तिकीट कपाटात तयार होतं. घेतलेलं तिकीट वाया कशाला घालवायचं, म्हणून ती रजायना शहरातल्या जुन्या मैदानात एकवीस नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसली, ती पुढची अडतीस वर्षं हललीच नाही.

बावीसवर एक उंच, हाडकुळा माणूस असायचा. तिच्या आधी हजर, आणि सामना संपला रे संपला की गाडीकडे पळत सुटणारा. नाव ना त्याने सांगितलं, ना हिने विचारलं. पहिल्या काही वर्षांत राहून गेलं, आणि नंतर विचारायची लाज वाटू लागली. तो तिला एकवीस म्हणायचा आणि ती त्याला बावीस.

ते दिवस हरण्याचे होते. दहा वर्षं संघाने बाद फेरीचं तोंड पाहिलं नाही. पुढे संघ बुडायलाच आला, तेव्हा प्रांतभरच्या लोकांनी दारोदार तिकिटं खपवून तो तगवला. डोरीन शाळेत स्वयंपाकीण होती. तिने मास्तरांना तिकीट घेतल्याशिवाय सूप वाढलं नाही. मग एकोणनव्वदला शेवटच्या लाथेवर कप आला आणि सगळं फिटलं. दोन हजार नऊला मात्र हातात आलेला कप निसटला. समोरच्याची शेवटची लाथ हुकली होती, पण आपले गडी मैदानात बाराऐवजी तेरा निघाले, आणि त्याला दुसरी संधी मिळाली. पुढच्या मोसमात बावीस बसता बसताच म्हणाला, "तेरापर्यंत मोजता येत नाही, एकवीस, यांना."

"आमच्या स्वयंपाकघरात पाठवायचे होते," डोरीन म्हणाली. "रोज चारशे पोरं मोजत होते मी."

दोन हजार सोळाला जुन्या मैदानात शेवटचा सामना झाला. लोक रडत होते, गवत उपटून खिशात घालत होते. डोरीन मात्र बावीसकडे बघत होती. ती जागा रिकामी होती. सामना हरल्याचंही तिला धड कळलं नाही.

नव्या मैदानातली जागा निवडायला बोलावणं आलं, तेव्हा तिने खिडकीतल्या मुलीला स्पष्टच सांगितलं, की मला दोन जागा हव्यात, दुसरी जुन्या बावीसची. मुलीने वही पाहिली. ते एल्मर फेअर, रोस्थर्नचे, आणि त्यांनी तिकीट परत केलंय, असं ती म्हणाली.

रोस्थर्न म्हणजे तीनशे किलोमीटरहून लांब. मेल्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. डोरीनला त्याचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. फोन नंबर द्यायची परवानगी नाही म्हणून मुलीनेच फोन लावला, आणि पलीकडचा हो म्हणाल्यावर तिच्या हातात दिला.

"बावीस, तिकीट का परत केलंत?"

"डोळे गेले हो, एकवीस. गाडीचा परवाना काढून घेतला. तिथे येऊन बघणार काय?"

"तुमच्या गावातून दर सामन्याला दहा गाड्या निघतात, एकीत बसा. बघायचं काम माझं. मी सांगत जाईन."

"तुम्ही सांगणार? म्हणजे पंचांना दिलेल्या शिव्याच ऐकायच्या."

"त्यातूनच सगळं कळतं," डोरीन म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "त्या दिवशी तुम्ही नव्हता. मला वाटलं, गेलात. मला फार वाईट वाटलं हो."

मागे रांगेतली माणसं खाकरू लागली.

"त्या नव्या जागांवर," एल्मरने विचारलं, "वारा पाठीवर येतो का तोंडावर?"

डोरीनने खिडकीतल्या मुलीला विचारून सांगितलं, "तोंडावर."

"मग जाड टोपी आणायला हवी," तो म्हणाला.