कॉन्सेप्टाबाईंचं गरम पाणी

कॉन्सेप्टा हॅनरॅटीची नजर गेली होती ती फक्त मधली. कडेचं दिसायचं, दाराची चौकट, रस्त्याचा काठ, समोरच्याचे कान. पण जिथे रोखून पाहावं तिथे करडा डाग. आयर्लंडमधल्या द्रोहेडा गावात तिने ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. ती माणसं आवाजावरून ओळखायची, चर्चमध्ये प्रार्थना पाठ म्हणायची, दुकानात ठरलेल्याच वस्तू घ्यायची. पत्र आलं की म्हणायची, "चष्मा वर राहिला बाई, तूच वाच."

लपवण्याला कारण होतं. तिची थोरली बहीण डिम्फना पडली, तेव्हा मुलांनी तिला 'पंधरवड्यापुरतं' म्हणून वृद्धाश्रमात ठेवलं. डिम्फना तिथून निघाली ती शवपेटीतच.

घरात कॉन्सेप्टाचं कुठे अडत नव्हतं. जिन्याशेजारच्या कपाटात गरम पाण्याची टाकी, वर टॉवेल वाळत घातलेले, आणि बाजूला भिंतीवर टायमर. नवरा मॅलकी जिवंत होता, सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता, तेव्हाचा. गोल तबकडी, तिच्या कडेने बारीक खुंट्या. खुंटी आत दाबली की त्या वेळेला पाणी तापायचं. ती बोटांनी चाचपून खुंट्या मोजायची. डोळ्यांचा त्यात संबंधच नव्हता.

त्या ऑक्टोबरात टायमर अडकला. कपाटातून जळका वास यायला लागला. रविवारी तिचा मुलगा फिनबार डब्लिनहून आला आणि दारातच थबकला.

"आई, हा वास कसला? घर पेटवायचंय का?"

"टॉवेल जुने झालेत, त्यांचा."

फिनबारने कपाट उघडलं. टायमरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. पुढच्या शनिवारी तो डोनल नावाच्या वायरमनला घेऊनच आला. कॉन्सेप्टाने एकदाच विचारून पाहिलं, "असाच दुसरा नाही का मिळत?"

"मिळेल हो मिसेस हॅनरॅटी, पण कशाला?" डोनल म्हणाला. "हा बघा, डिजिटल. प्रत्येक दिवसाची वेळ वेगळी लावा. तुमच्यापेक्षा हुशार आहे हा!"

"मग चहासुद्धा त्यालाच करायला सांग," ती म्हणाली. दोघे हसले.

फिनबारने आईचा हात धरून तिला नव्या टायमरसमोर उभं केलं. "ही वेळ, हा वार. हे बटण दाबलं की लगेच पाणी तापतं. वाचता येतंय ना नीट?"

तिच्यासमोर करड्या डागाभोवती हिरवट उजेड होता. बोटाला सगळी बटणं सारखीच गुळगुळीत लागली.

"मी काय आंधळी आहे?" ती म्हणाली.

आठवडाभर पाणी आपोआप तापत होतं. मग एकदा टॉवेल काढताना तिचा हात लागला. यंत्र पीं करून वाजलं. ते थांबवायला तिने दुसरं बटण दाबलं, मग तिसरं. दुसऱ्या सकाळी नळाला बर्फासारखं पाणी. तिने फिनबारला फोन केला.

"अगं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाच ना."

तिने स्क्रीनवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हं, दिसलं. झालं सुरू." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती किटलीत पाणी उकळून जिन्याने वर न्यायची. थंडी वाढली तसा तोही उत्साह गेला. अंघोळ लांबत गेली, केस तेलकट झाले, एकाच लोकरी झग्याला घामाचा वास धरला. चर्चमध्ये शेजारची अट्रॅक्टा गिल्डी नेहमी तिला खेटून बसायची. ती हळूच पलीकडे सरकली. कॉन्सेप्टाला ते कडेच्या नजरेने दिसलं. घरी येऊन ती रडली, पण अंघोळ मात्र केली नाही.

अट्रॅक्टानेच फिनबारला कळवलं. "रागावू नकोस हो बाबा, पण तुझ्या आईचं डोकं ताळ्यावर नाही. इतकी टापटिपीची बाई!"

फिनबारने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, घाईतला. साल, महिना, गाव, सगळं तिने खडाखड सांगितलं. मग त्याने कागद पुढे सरकवला. "यावर एक घड्याळ काढा, आकड्यांसकट."

तिने पेन्सिल हातात घेतली. आता सांगावं तर डिम्फनाची गत. न सांगावं तर वेडी. ती अंदाजाने रेघा ओढत राहिली. आकडे एकमेकांवर चढले, दोन तर कागद सोडून टेबलावर गेले. फिनबारने तोंड फिरवलं. डॉक्टर हळुवारपणे म्हणाला, "स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे."

घरी आल्यावर फिनबार फोनवर बायकोला सांगत होता, "वेळ आली गं. आश्रमाचं बघायला लागेल." कॉन्सेप्टा स्वयंपाकघरात ऐकत होती. आपण स्वच्छ, नीटनेटक्या दिसलो तर अजून वाचू, असं तिला वाटलं. तिने मोठं पातेलं भरून पाणी उकळलं आणि ते दोन्ही हातांनी धरून जिना चढायला लागली. कठड्याला धरायला हात मोकळा नव्हता. वरच्या पायऱ्यांवर पाऊल चुकलं.

तिची किंकाळी ऐकून फिनबार धावला. मांडीपासून पावलापर्यंत कातडी सोलून निघाली होती.

इस्पितळात नर्सने औषधाची गोळी पुढे धरली. कॉन्सेप्टाचा हात हवेत भलतीकडेच गेला. पुन्हा तसंच झालं. नर्सने डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, आणि त्यांनी तपासून फिनबारला सगळं सांगितलं.

फिनबार खाटेशी येऊन बसला. "आई, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

त्याने तिची चादर सरळ केली. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

भाजलेला पाय पुरता सुधारला नाही. एकटीने राहणं आता शक्यच नव्हतं, आणि फिनबारच्या डब्लिनच्या घरात जिने तीन. नाताळाआधीच ती आश्रमात गेली. तिथे पाणी चोवीस तास गरम असे. तिला अंघोळ घालायला एक बाई यायची, आणि नळ सुरू झाला की कॉन्सेप्टा अंग चोरून घ्यायची.

पहिल्या रविवारी फिनबार केक घेऊन आला. तिने तो बाजूला ठेवायला लावला.

"अट्रॅक्टाकडे जा," ती म्हणाली. "फादरकडे जा, त्या पोरसवदा डॉक्टरकडेही जा. सांग त्यांना, हॅनरॅटीबाई वेडी नव्हती. आंधळी होती."

"आई, सगळ्यांना कळलंय गं."

"नुसतं कळलेलं नको. तू जाऊन सांग."

तो गेला. त्या दुपारी बारीक पावसात तो दारोदार फिरला. अट्रॅक्टा दारातच रडायला लागली. डॉक्टरच्या दवाखान्याला रविवारचं कुलूप होतं. तिथे तो सोमवारी कामावर रजा टाकून गेला.