भट्टीजवळ वाळवलेली मुळं

त्या रविवारी सकाळी वसुधाबाई दुर्ग स्टेशनवर उतरल्या आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "रामटेके, तुमचं दुसरं पोतं फुकट गेलं."

ही भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हाची गोष्ट. मी भट्टीच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे दोरखंड लावून लोखंड वर चढवणारा. शिक्षण सातवी, पण कान तिखट... कामावरच्या बायकांचं ऐकून ऐकून सहा महिन्यांत छत्तीसगढी बोलायला लागलो. त्या भाषेपायीच बाईंनी मला हाताशी धरलं होतं.

बाई नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होत्या. औषधी झाडांचे अर्क काढायचे, पोटात कॅन्सर वाढवलेल्या पांढऱ्या उंदरांना ते द्यायचे आणि रोग थांबतो का बघायचं... हे त्यांचं काम. झाडं सांगायची जवळच्या कोहका गावची बिसाहिन दाई, जडीबुटी जाणणारी म्हातारी. पोचवायचो मी.

एका झुडपाच्या मुळांनी पहिल्या खेपेला थोडा गुण दाखवला होता. त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या कोणीतरी घरी उकळून पिईल! दुसऱ्या पोत्यानं मात्र काहीच केलं नाही... सगळे उंदीर गेले.

"प्रयोगशाळेच्या साहेबांचा हुकूम आहे," बाई वाटेत म्हणाल्या. "कारण सापडलं नाही तर हे नाव यादीतून काढायचं. झाड तेच होतं ना? नक्की?"

"तेच होतं जी," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. पण...

पहिलं पोतं दाईनं स्वतः वाळवलं होतं, घरात, सावलीला, चांगले बारा दिवस. दुसऱ्या वेळी पाऊस लागला. मुळांना बुरशी धरेल म्हणून मी डोकं चालवलं. आमच्याकडे नव्या भट्टीच्या विटा सुकवायला आत जाळ ठेवला होता. तिथंच पोतं टांगलं... एका पाळीत मुळं कडकडीत! फोरमन हसला होता, "वैद्यबुवा, भजीबी तळून घ्या आता." मला मात्र माझ्या अकलेचा केवढा अभिमान.

दाईच्या अंगणात बाईंनी उरलेली मुळं पुढे केली. दाईनं एक तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. "ये तो भुंजा गे हे. आगी देखाए हस का रे?"

जळून गेलंय हे, विस्तव दाखवलास का... म्हातारीनं एका वासावर ओळखलं. ती इतकी भरभर बोलायची की बाईंना तिचं बोलणं कळायचं नाही. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

आता तिथे दोन्हीकडचं कळणारा मी एकटाच. प्रयोगशाळेतल्या कायम नोकरीसाठी बाईंनी माझं नाव दिलेलं... मी म्हणालो, "म्हणते, पावसाळ्यात मुळात दम राहत नाही."

बाईंनी मान हलवली. वही काढली, पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. माझ्या एका वाक्यावर त्या झाडाचं नाव कटणार होतं... दाई नुसती बघत होती. तिला मराठी येत नव्हती, पण मी काय केलं ते तिला बरोब्बर समजलं होतं.

"थांबा जी बाई," माझ्या तोंडून निघालं. "खोटं बोललो मी. भट्टीपाशी वाळवलं ते. दाई म्हणून राहिली, जळलं."

मला वाटलं आता संपलं. बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं आणि विचारलं, "किती तापत होतं तिथं?"

"हात ठेवला तर चटका बसे."

"अहो, मग औषधात काहीतरी आहे! ते उष्णतेनं मरतंय!" बाई उभ्याच राहिल्या. "आणि आम्ही शहाणे, तिकडे अर्कसुद्धा तापवूनच आटवतो!" मग माझ्याकडे वळल्या. "आणि रामटेके, पुन्हा तिच्या तोंडी स्वतःचं वाक्य घातलंत तर याद राखा."

तिसरं पोतं दाईच्या घरात सावलीला वाळलं. ते मी स्वतः नागपूरला नेलं. बाईंनी मुळांची पूड थंड अल्कोहोलमध्ये भिजवली, अर्क न तापवता आटवला... आणि महिन्याभरानं मला बोलावून घेतलं.

दोन पिंजरे शेजारी होते. ज्यांना अर्क दिला नव्हता, ते चार उंदीर पोटं फुगून कोपऱ्यात बसलेले... ज्यांना दिला होता, ते भिजवलेल्या हरभऱ्यावरून भांडत होते! बाई म्हणाल्या, "लगेच हुरळू नका, अजून खूप तपासायचंय." पण त्या स्वतःच हसत होत्या. झाडाचं नाव यादीत राहिलं.

त्याचं बाजारात औषध झालं का? नाही... निदान माझ्या कानावर आलं नाही. पण आजही कॅन्सरच्या नव्या औषधाची बातमी वाचली की वाटतं, यामागे कितीतरी पोती असतील आणि कुठेतरी एखादी दाई असेल.

परतल्यावर मी पहिलं कोहक्याला गेलो. उंदीर वाचले, म्हणून सांगितलं. दाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मुसुवा मन बाँच गे... अब मनखे मन बर कर."

उंदीर वाचले, आता माणसांसाठी कर. हे वाक्य तेवढं मी बाईंना जसंच्या तसं लिहून पाठवलं...