छत धुवायचा महिना

"पांढरा सोडून कुठलाबी रंग सांगा," बाळारामशेठ म्हणाले. "पांढरं आमी भोगलंय."

आम्ही खालापूरजवळ त्यांच्या नव्या मंगल कार्यालयाच्या जागेवर उभे होतो. लोखंडी सांगाडा तयार होता, वर छत नव्हतं. ते कोणतं घालायचं, हे सांगणं माझं काम. मी सिव्हिल इंजिनीअर आहे आणि बरीच वर्षं फक्त छतांचा सल्ला देते. गोदामं, शोरूम, हॉल. घरी दहिवलीला मी स्वतःच्या गच्चीचंही तापमान मोजते. घरच्यांनी आता हसणंही सोडलंय.

बाळारामशेठ कडावचे. भातशेती सांभाळून त्यांनी आधी गावात एक हॉल बांधला होता, पांढऱ्या पत्र्याचा. त्यावर राग का, ते त्यांचा मेव्हणा काशिनाथ याने सांगितलं.

"मोठीच्या लग्नात, त्याच हॉलात, उकाड्यानं दाजींची विहीण भर पंगतीत चक्कर येऊन पडली. वऱ्हाड अर्ध्या ताटावरून उठलं. आजून ऐकवतात."

"पुढल्या वैशाखात धाकटीचं लगीन हाय, ह्याच नव्या हॉलात," शेठ म्हणाले. "तीच विहीण पुढच्या खुर्चीत बसणार. परत तसं झालं तर मला तोंड दाखवाया जागा नाय."

काशिनाथचं मत पक्कं होतं. निळा पत्रा, खाली फॉल्स सीलिंग, वरून एसी.

मी सुचवलं पफ पॅनेल. म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये फोमचा जाड थर. वरचा पत्रा पांढरा, कारण पांढरा रंग बरंचसं ऊन परतवून लावतो. जे उरतं ते फोम अडवतो. निळा पत्रा आधी ऊन पिऊन घेणार आणि मग आपण दिवसभर विजेने त्याच्याशी भांडणार.

"म्याडम, पुस्तकात परतवत आसंल," काशिनाथ म्हणाला. "कडावला नाय परतवत."

कडावचं छत खरंच तापत असेल, तर कारण सापडल्याशिवाय पांढऱ्याचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, आधी तिकडे जाऊ.

मार्चची दुपार होती. शिडी लावली.

"म्याडम, तुमी चढणार?" काशिनाथने विचारलं.

"मग छत खाली उतरणार आहे का?"

पत्र्यावर नेहमी स्क्रूच्या ओळीवरून चालायचं. लोखंडी आधार तिथेच असतो, मध्ये पाय दिला तर पत्रा दबतो. त्या ओळीवरून मी मधोमध गेले आणि पाहिलं, तर पांढरं काही उरलंच नव्हतं. पावसात धरलेलं शेवाळ वाळून काळं पडलं होतं, वर रस्त्याची धूळ. माझ्याकडे लांबून तापमान मोजणारी बंदूक असते. तिने बासष्ट अंश दाखवले.

"हे धुता का कधी?"

"दर वर्साला, न चुकता," माझ्यामागून चढलेले शेठ म्हणाले.

"कोणत्या महिन्यात?"

"शेवटचा मुहूर्त उरकला, की पावसाच्या आदी. छताचं काम दुसऱ्या कुठल्या महिन्यात करत्यात?"

उत्तर मिळालं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पावसाआधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा रचायची. ते गळती होऊ नये म्हणून. कौलं जाऊन पत्रे आले, महिना मात्र तोच राहिला. शेठचं छत उन्हाळा संपताना लख्ख व्हायचं, लगेच पाऊस, पावसात शेवाळ, आणि पुढचा सगळा लग्नाचा हंगाम काळाच्या काळा. त्यांचा पांढरा रंग दर वर्षी फक्त ढगांनी पाहिला होता.

मी पाणी आणि मऊ ब्रश मागवला आणि स्क्रूच्या ओळीलगतचा एक पट्टा घासून घेतला. तो सुकून पुन्हा तापेपर्यंत आम्ही खाली चहा घेतला. मग तिघंही वर गेलो आणि मी मोजलं. चव्वेचाळीस. शेजारचा काळा भाग होता तिथेच.

काशिनाथ मानेना. "बंदूक तुमची, म्याडम. ती तुमच्याच बाजूनं बोलणार."

"मग चपला काढा."

तो पांढऱ्या पट्ट्यावर अनवाणी उभा राहिला, अगदी निवांत. मग मी काळ्याकडे बोट दाखवलं. त्याने एक पाऊल टाकलं आणि टुणकन परत आला.

"काय रं, आताच नाचतोस?" शेठ म्हणाले. "वरातीला आजून वर्स हाय."

पॅनेल तिथेच ठरलं. पांढरं, आणि माथ्यावर गरम हवा बाहेर फेकणारे फिरते पंखे, जे वाऱ्यानेच चालतात. मी एकच अट घातली. धुणं पाऊस संपल्यावर.

शेठ अडले. "दसऱ्यानंतर कापणी, दिवाळीत झोडणी. भात सोडून छतावर मानूस कोन चढवंल?"

"हॉलला पहिलं लग्न कधी लागतं?"

"तुळशीचं लगीन लागलं की." त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि स्वतःच म्हणाले, "म्हंजे तेच्या आदी. जमतंय. आदी छताची आंघोळ, मग तुळशीचं लगीन."

पावसाआधी छत पुरं झालं. पावसाने करायचं ते केलंच, निथळणाऱ्या कडांवर शेवाळ धरलं. दिवाळीनंतर मी न कळवता पाहायला गेले. वर काशिनाथ होता. हातात मऊ ब्रश, पाय बरोबर स्क्रूच्या ओळीवर. "तारेचा ब्रश कुनी आनला रं? रंग तुझ्या बापाचा हाय?" असं तो कुणावर तरी ओरडत होता. मी हाक न मारता परतले. तपासायला काही उरलं नव्हतं.

वैशाखातल्या लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले. बंदूक पर्समध्ये होती. मुहूर्त भर दुपारचा. बाहेर सावलीत एकेचाळीस, हॉलमध्ये छताची खालची बाजू छत्तीस. आतल्या पंख्यांचा वारा अंगाला वारा वाटत होता, झळ नव्हे. विहीणबाई पुढच्या खुर्चीत बसल्या, अक्षता पडेपर्यंत हलल्या नाहीत. पंगतीत त्यांनी जिलेबी दुसऱ्यांदा घेतली आणि शेठना हाक मारली.

"व्याहीबुवा, एसी लावलात आणि बोलला नाहीत?"

"एसी नाय, विहीणबाई. छत धुतलंय."

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी मठ्ठा मागितला. शेठनी वाढप्याला बाजूला सारून स्वतःच्या हाताने वाढला आणि जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवली. निळ्या पत्र्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालेलं नाही. लग्नानंतर आलेल्या पावसाआधी कडावच्या छताला कुणी हात लावला नाही. तेही आता तुळशीच्या लग्नाआधीच धुतलं जातं.

छत निवडून देताना मी अजूनही जाडी, उतार आणि रंग यांचा हिशोब मांडते. पण त्याआधी गिऱ्हाईकाला विचारते, धुणार कोणत्या महिन्यात? उत्तर वैशाख आलं, तर आकडेमोड बाजूला ठेवते आणि आधी चहा मागवते. बोलायला वेळ लागणार असतो.