दोन फुटी भिंत आणि शिरीषचं सिमेंट

लंडनच्या इल्फर्डमधल्या आमच्या घरात पलीकडचा शेजारी शिंकला की मी इकडून ‘ब्लेस यू’ म्हणते. अशा बाईला दोन फूट जाड दगडी भिंतींच्या घरात वीकेंडला बोलावलं तर ती नाही कशाला म्हणेल?

फोन मेधाचा होता. माझी कॉलेजातली मैत्रीण, ब्रिस्टलला विमानांच्या पंखांवर काम करते. तीन वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने, शिरीषने, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांच्या कडेला जुनं फार्महाऊस घेतलं. “एकदा बघून जा,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक आलंय. सोमवारी एजंटला उत्तर द्यायचंय. बहुतेक विकतोय.”

“का गं?”

“ओल.”

शनिवारी सकाळी पॅडिंग्टनहून ट्रेन पकडली. तिकीट आठवडाभर आधी काढा. आयत्या वेळी काढलंत तर वाटभर खिडकीबाहेर न बघता स्वतःला शिव्या देत बसाल. ब्रिस्टलहून पुढे मेधाची गाडी. बस आहे म्हणतात, मला तिचं दर्शन झालं नाही. शेवटचे दोन मैल रस्ता एका गाडीपुरताच, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं. समोरून कुणी आलं की एकाने मागे जायचं आणि मग दोघांनी हात हलवायचा. इंग्रजांचं सगळं सौजन्य अशाच रस्त्यांवर खर्च होत असावं, लंडनपर्यंत उरत नाही.

आणि मग घर दिसलं. बांधलेलं वाटतच नाही. टेकडीने झोपेत कूस बदलली आणि हे बाहेर आलं, असं. दगडाचा रंग तुपात मंद भाजलेल्या रव्याचा. छपरावर कौलं नाहीत, दगडाच्याच चिपा: खाली वळचणीला परातीएवढ्या, वर जाताना लहान होत होत शेवटी तळहाताएवढ्या. खिडक्यांना मधले उभे खांबही दगडाचे. भिंतीची जाडी आतून अशी कोरली आहे की प्रत्येक खिडकीत एक माणूस पाय वर घेऊन बसेल. मी बसले. जुन्या काचेतून ऊन पाण्यासारखं हलत फरशीवर येत होतं. बाहेर मेंढ्या होत्या, की ढग उतरले होते, ते बघायचाही कंटाळा आला. चहा कधी गार झाला कळलं नाही.

शिरीषने मात्र मला हाताला धरून उत्तरेची भिंत दाखवायला नेलं. हा पुण्याच्या बांधकाम कंत्राटदारांच्या घरातला. घर घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात दगडांमधल्या भुसभुशीत दरजा खरवडून त्याने स्वतः सिमेंटने भरल्या होत्या. करड्या रेघा, वहीत आखाव्यात तशा.

“सहा वीकेंड,” तो म्हणाला. “तरी आत ओल येतेच. मग गेल्या वर्षी आणखी भरलं.”

आत बेडरूमच्या भिंतीवर निळसर काळा डाग पसरला होता, खांद्यापर्यंत.

रविवारी मेधाने शेवटचं मत घ्यायला गावातल्या कीथला बोलावलं. कीथ म्हणजे साठीचा दगडकाम करणारा मिस्त्री. त्याने भिंतीवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

“कुणी केलंय हे?”

“मी,” शिरीष म्हणाला.

“फार नीट केलंय. म्हणूनच भिंत आजारी आहे.”

कीथचं म्हणणं एवढंच: हा दगड पाणी पितो, आणि प्यायलेलं पाणी दरजांमधल्या चुन्यातून बाहेर टाकतो. सिमेंटने तो रस्ता बुजला. पाणी मग आत, बेडरूमकडे निघालं.

“आमच्या तीन पिढ्या सिमेंटवर उभ्या आहेत,” शिरीष मराठीत पुटपुटला.

“आपला काळा दगड पाणी पीत नाही. हा पितो,” मेधा म्हणाली.

“तू तुझी विमानं बघ.”

उपाय होता. सगळं सिमेंट छिन्नीने, हाताने काढायचं. मशीन लावलं तर दगडांच्या कडा फुटतात. मग चुना भरायचा. भिंत वाळायला दोन उन्हाळे. कीथ गेल्यावर शिरीष म्हणाला, “विकूनच टाकू. नाहीतरी तुला ओलीचा त्रास होतो.”

“मला ओलीचा त्रास नाही रे,” मेधा म्हणाली. “त्या भिंतीसमोर उभा राहिलास की तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. म्हणून विकायला हो म्हणत होते.”

मी खिडकीत होते, बाहेरच बघत राहिले. काही वेळाने शेडचं दार वाजलं आणि मग छिन्नीचा आवाज सुरू झाला. पबमध्ये रविवारचं रोस्ट तीनपर्यंतच मिळतं, टेबल आधी सांगावं लागतं. आम्ही सांगितलं होतं आणि गेलो नाही. मेधाने पोहे केले. संध्याकाळी मी निघाले तेव्हा हातभर दरज मोकळी झाली होती आणि आतला जुना चुना पांढरा दिसत होता.

इल्फर्डला परतल्यावर मैत्रिणी विचारतात, फोटो कुठेत? चार आहेत, चारही खिडकीचे. डोळ्यांसमोर येतो तो मात्र कीथचा भिंतीवरचा तळवा. दुरुस्तीआधी इतका वेळ मी कशालाच हात लावून उभी राहिलेली नाही, नवऱ्यालाही नाही.

सोमवारी मेधाचा फोन आला. एजंटला नकार कळवला होता.

“आणि शिरीष?”

“शिडीवर आहे. कुरकुरतोय.”

“ओल?”

“ओल एका दिवसात कशी जाईल? पण सकाळी त्याने स्वतःहून भिंतीला हात लावून बघितला. मी बघत नाही असं समजून.”