डिप घेणाऱ्याचं नाव

इथले अनुभव मी बरीच वर्षं गप्प राहून वाचतो आहे. वाचतो आणि मनातल्या मनात खोडून काढतो… इथे वारा असेल, इथे झोप अपुरी झाली असेल, इथे सांगणारा थोडं वाढवून सांगतोय. आमच्या घरात उतारा, नजर, अंगात येणं या शब्दांना जागाच नव्हती. आम्ही बौद्ध, वडील शाळामास्तर. आधी तपासा, मग माना, हे जेवताना ऐकत मोठा झालो. पुढे इंजिनिअर झालो आणि तपासणं हाच पोटापाण्याचा धंदा झाला. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाही. चिडचिड होते. हे एवढं लिहायलाही तीन आठवडे लागले.

मी ओमानमध्ये, मस्कतजवळ अल हैलला राहतो. एका लहान कंपनीत तेलाच्या टाक्या तपासण्याचं काम करतो. थंड देशांत घर उबदार ठेवायला तेलाच्या टाक्या असतात म्हणे. इथे घर गरम करायची गरज कोणाला? इथल्या टाक्या डिझेलच्या – शेतावरच्या घरांचे जनरेटर आणि विहिरींचे पंप चालवायला. गंजलेली पत्र्याची टाकी, तिच्यापासून वीस पावलांवर विहीर, आणि त्या विहिरीचं पाणी पिणारी माणसं. आमचं काम एवढंच, की टाकीतलं त्या विहिरीत जात नाही ना, ते पाहायचं.

अकरा वर्षं हे काम मी बशीरभाईंबरोबर केलं. ते रत्नागिरीकडचे, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे. शिक्षण आठवीपर्यंत, पण टाकीवर नुसती बोटं वाजवून पत्रा कुठे पातळ झालाय ते सांगत. मी नंतर यंत्र लावून मोजायचो, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. मी गाडीत पुस्तक वाचतो म्हणून मला 'मास्तर' म्हणायचे.

डिप घेणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. टाकीचं वरचं झाकण उघडायचं, पितळी लोलक बांधलेली टेप तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर ओढायची आणि ओल कुठपर्यंत आली तो आकडा वाचायचा. मग व्हॉल्व्ह बंद ठेवून चोवीस तासांनी पुन्हा तेच. आकडा उतरला तर टाकी गळतेय. बशीरभाईंची पद्धत अशी, की दोन्ही डिप सकाळी, उन्हं यायच्या आत. आणि एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच टाकीवर खडूने लिहायचा. मी गंमत करायचो, "दोघांचे पाढे चाललेत." ते म्हणायचे, "एकट्याचा आकडा हा आकडा नसतो रे मास्तर."

फेब्रुवारीत आम्ही खाबुऱ्याजवळच्या एका शेतावर गेलो. लिंबं आणि खजूर. शेताची राखण मजीद करतो, तो श्रीवर्धनकडचा. मालक म्हणजे अर्बाब मस्कतला असतो, पण त्याची म्हातारी आई तिथेच राहते आणि विहिरीचंच पाणी पिते. तिचं म्हणणं, पाण्याला वास येतो. मजीद म्हणाला, "अर्बाब म्हणतो, अम्माच्या नाकातच वास आहे. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून तुम्हाला बोलावलंय." टाकी सिमेंटच्या ओट्यावर चपटी बसवलेली, बुडाखाली बोट जात नाही. म्हणजे डोळ्यांनी काही दिसणार नाही. डिप हाच मार्ग.

पहिली डिप सकाळी सहाला घेतली. सोळाशे बावीस मिलिमीटर. त्याच संध्याकाळी माझ्या मुलीचा शाळेत कार्यक्रम होता. मी दुपारी तीनला दुसरी डिप घेतली. नऊच तास झाले होते, पण गळती मोठी असेल तर दिसेलच, असं मी ठरवून टाकलं. सोळाशे बावीस.

"सारखा आला," मी म्हटलं. "झालं."

"सारखा आला म्हणजेच झालेलं नाही," बशीरभाई म्हणाले. "सकाळपासून ऊन तापलंय. डिझेल फुगायला हवं. आकडा चढायला हवा होता."

"टाकीवर शेड आहे, बशीरभाई."

"शेड पत्र्याची आहे. खाली उभा राहून बघ. का रे, पुस्तकातलंच डिझेल फुगतं, टाकीतलं फुगत नाही? उद्या सकाळची डिप घे."

"उद्या परत तीन तास गाडी मारायची?"

"मी येतो एकटा. मला सोड, तू जा."

"सही माझी असते," मी म्हणालो. मजीद चहाचे पेले घेऊन उभा होता, त्याच्यासमोर म्हणालो. "आठवीवाल्याची नाही."

हे वाक्य मी इथे लिहिणार नव्हतो. पण तपासायचंच तर सगळं तपासायला हवं.

मी सही केली. टाकी ठीक. म्हातारीला तिच्या मुलाने माझा कागद दाखवला असणार… माझ्या सहीने ती खोटी पडली. परतीच्या वाटेवर बशीरभाई खिडकीबाहेर बघत बसले. पुढचे चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो, तेही नाही म्हणता येईल इतकं कमी. मी मनात म्हणत होतो, शुक्रवार-शनिवारची सुट्टी जाऊ दे, मग माफी मागू. शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीत त्यांना हार्ट अटॅक आला. दफन इथेच झालं. मी मागे उभा होतो. माती देताना काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

अठरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी सातला मजीदचा फोन आला.

"साहेब, उद्या पहाटे येताय ना? चहा टाकून ठेवतो."

"कशाला येऊ?"

"बशीरभाई म्हणाले ना. फजरची नमाज झाल्यावर आले होते, डिप घेऊन गेले. म्हणाले, व्हॉल्व्ह बंद ठेव, पंप लावू नकोस, उद्या ह्याच वेळेला मास्तर येईल." पुढे म्हणाला, "गाडी नाही दिसली. मला वाटलं, तुम्ही बाहेर रस्त्यावर थांबलात. म्हटलं, अजून दोघांचं भांडण मिटलं नाही वाटतं."

त्याला कोणी कळवलंच नव्हतं. कोण कळवणार? मी सांगितलं.  तो म्हणाला, "साहेब, अशी चेष्टा करू नका. मी चहा विचारला त्यांना. पहिली डिप मग चहा, म्हणाले. नेहमीसारखं."

मी त्याच्यावर चिडलो. नीट झोपत नाहीस का, विचारलं. दुसरा कोणी माणूस असेल, टँकरवाला असेल, म्हटलं. तो म्हणाला, टँकर काल येऊन गेला. फोन ठेवून मी खाली गाडीपाशी गेलो. बशीरभाईंच्या सामानाची पेटी माझ्या डिकीत होती, त्यांच्या मुलाने घे म्हटलं होतं. उघडली. टेप गुंडाळलेली, लोलक फडक्यात, कोरडा ठणठणीत. डिझेलचा ताजा वासही नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप असतं, डिझेल चोरीला जातं म्हणून. एक किल्ली अर्बाबकडे, दुसरी तपासणीसाठी आम्हाला दिलेली. ती परत करायची राहिली होती… माझ्या जुडग्यात होती.

जायचं नाही असं मी दिवसभर ठरवत होतो. पहाटे तीनला निघालो.

साडेपाचला पोचलो. कुलूप लागलेलं होतं. टाकीच्या पत्र्यावर, जिथे आम्ही नेहमी लिहितो तिथे, खडूने मराठी आकड्यांत लिहिलेलं होतं – १४०९. खाली वेळ, ५.४०. आमचा फेब्रुवारीतला आकडा फिकट होऊन शेजारीच होता. मजीदकडे टेप नाही, आणि तो आकडे काढतो ते मी पाहिलेत, ते असे नसतात. एकचा लांब पाय, नऊची मोठी शेपटी. अकरा वर्षं मी ते अक्षर उतरवून घेतलंय.

पाच चाळीसला मी कुलूप काढलं आणि त्यांचीच टेप सोडली. लोलक तळाला टेकला. वर ओढली, टॉर्च धरला.

"तेराशे सत्त्याण्णव," मी मोठ्याने म्हटलं. सवयीने. आणि थांबलो.

बारा मिलिमीटर. पहाटे ते पहाटे, व्हॉल्व्ह बंद असताना. एवढ्या टाकीत म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन बादल्या डिझेल, त्या विहिरीच्या कडेला.

अर्बाब आदल्या रात्री तिथेच मुक्कामाला होता. मी सांगितल्यावर तो तापला. "पहले तुम लिखता है सब ठीक, अभी बोलता है खराब? खलास. मजीद, यल्ला, पंप चालू." आदल्या दिवसापासून लिंबांना पाणी नव्हतं. त्याचंही चूक म्हणवत नाही.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. त्याच्या विनवण्या करून आणखी चोवीस तास मागायचे, स्वतःच्या दोन डिप घ्यायच्या आणि नियमाप्रमाणे रिपोर्ट द्यायचा. तो थांबणार नव्हता, आणि पंप एकदा चालू झाला की मोजायला काही उरणार नव्हतं. किंवा पत्र्यावरचा तो आकडा पहिली डिप म्हणून धरायचा. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, खोटं का बोलू… पण त्यांच्यापेक्षा सोळाशे बावीस जास्त डोळ्यांसमोर होता.

"कल का नंबर कौन लिया?" अर्बाबने विचारलं.

"हमारा आदमी," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याची आई दारातून आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. तिने मुलापुढे पेला धरला आणि एकच शब्द म्हणाली. मजीदने हळूच मला सांगितलं, "पी म्हणते." अर्बाबने पेला तोंडाशी नेला, आणि मग बराच वेळ तसाच धरून उभा राहिला.

त्या दुपारी टाकी रिकामी केली. दोन दिवसांनी क्रेनने उचलली. बुडाला, मागच्या कडेला, काडी जाईल एवढं भोक होतं. ओट्याची भेग आणि खालची वाळू काळी झालेली होती. विहीर बंद केली; म्हातारीला आता बाहेरून पाणी येतं आणि त्याचीही चव तिला आवडत नाही, असं मजीद सांगतो.

मी उत्तरं शोधली नाहीत असं नाही. ऑफिसात कोणी गेलं होतं का, विचारलं – कोणी नाही. अर्बाबची किल्ली सोमवारी टँकर आला तेव्हा वापरली, नंतर त्याच्याच खिशात होती. तो आकडा जुना असेल म्हणावं, तर टँकर सोमवारी डिझेल टाकून गेला; त्याच्या आधीचा आकडा माझ्या बुधवारच्या आकड्याशी असा जुळलाच नसता. मजीदला शपथा घालून विचारलं, पण त्याचं वाक्य बदलत नाही. उलट आता तोच मला टाळतो.

आणि चिडचिड याची, की अकरा वर्षं बरोबर काम केलेला माणूस. मी सॉरी म्हणायला चार दिवस लावले आणि उशीर झाला. तो आला असेल – असेल, म्हणतोय – तर माझ्याकडे आला नाही. मजीदशी चहाचं बोलला, टाकीवर आकडा टाकला, आणि माझ्यासाठी काय, तर उद्या ये. एवढंच? तुमचं बरोबर होतं, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. त्यांनी ते टाकीच्या बुडाकडून म्हणवून घेतलं.

रिपोर्टच्या फॉर्मवर प्रत्येक डिपसमोर एक चौकट असते, घेणाऱ्याचं नाव आणि सही. दुसऱ्या डिपसमोर माझं नाव आहे. पहिलीसमोर मी काही लिहिलं नाही. मॅनेजरने फॉर्म दोनदा परत पाठवला, रिकाम्या चौकटीभोवती लाल गोल करून. मी माझं नाव घातलं तर ते खोटं. त्यांचं घातलं तर मला वेड्यात काढतील. फॉर्म अजून माझ्या खणात आहे.

आता मी सगळ्या डिप पहाटेच घेतो, एकटाच. आकडा मोठ्याने म्हणतो. मग लिहायच्या आधी थोडा थांबतो, दुसऱ्याला परत म्हणायला लागेल तेवढा वेळ. खाबुऱ्यालाही थांबलो होतो. तेव्हा कोणी काही म्हटलं नाही, आणि त्यानंतरही नाही.